अंश सगळेच सांगतात, छेद कोण सांगतो? सरकारी आरोग्यसेवेतले आकडे, पदे आणि पैसा

ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडजवळच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून एक आकडा बाहेर आला : २४ तासांत २४ मृत्यू, आणि त्यांत १२ अर्भके. ४८ तासांचा हिशेब लागला तेव्हा तो ३१ वर पोहोचला होता. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले होते. मुंबई उच्च न्यायालयाने नांदेडच्या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि चौकशी लवकरच मृत्यूंच्या पलीकडे गेली. मंजूर पदे किती, त्यांपैकी रिक्त किती, औषधांची खरेदी कोण आणि कशी करते, यासाठी तरतूद किती, हे प्रश्न शासनापुढे ठेवले गेले. खाटा अपुऱ्या आहेत, माणसे कमी आहेत, असे सांगून शासनाला जबाबदारी झटकता येणार नाही, असेही न्यायालयाने सुनावले.

मृत्यूपासून पदांकडे आणि पदांपासून पैशाकडे जाणारा हा प्रवास सार्वजनिक आरोग्याच्या जवळपास प्रत्येक चौकशीत दिसतो. त्यात रोज नवे आकडे फेकले जातात, विरोधक एक आकडा सांगतात, मंत्री दुसरा सांगतात आणि गंमत अशी की पुष्कळदा दोन्ही खरे असतात. हे कसे होते, ते समजून घ्यायला मोठे संख्याशास्त्र लागत नाही. शाळेत शिकलेला अपूर्णांक पुरतो. अपूर्णांकाला वर अंश असतो आणि खाली छेद असतो. बातमीत आणि भाषणात अंश मोठ्याने सांगितला जातो, छेद मात्र गुलदस्त्यात राहतो. आकड्याचा अर्थ बहुतेक वेळा छेदात दडलेला असतो.

चोवीस हा आकडा मोठा आहे का?

नांदेडचा प्रश्नच घेऊ. एका दिवसात २४ मृत्यू, हा झाला अंश. त्याचा छेद काय? त्या दिवशी किती रुग्ण दाखल होते, त्यांतले किती अत्यवस्थ अवस्थेत आले होते आणि त्या रुग्णालयात एरवी दिवसाला किती मृत्यू होतात, हे कळल्याखेरीज २४ या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. समजा, एखाद्या मोठ्या रुग्णालयात दिवसाला सरासरी १० मृत्यू होतात. मृत्यू एकमेकांशी संबंध नसलेल्या कारणांनी होत आहेत असे धरले, तर संभाव्यतेच्या साध्या गणिताने अशा रुग्णालयात महिन्यातून दोन-तीन दिवस १५ किंवा त्याहून अधिक मृत्यू होणे स्वाभाविक ठरते; पण २४ किंवा अधिक मृत्यूंचा दिवस निव्वळ योगायोगाने बावीस-तेवीस वर्षांत एखादे वेळी उगवेल. म्हणजे तिथे काहीतरी बिघडले, असे धरूनच चौकशी सुरू करायला हवी. आता त्याच रुग्णालयाची रोजची सरासरी १५ आहे असे समजा. मग २४ मृत्यूंचा दिवस सुमारे दोन महिन्यांत एकदा येऊ शकतो आणि त्यासाठी त्या दिवशी वेगळे काही घडलेले असण्याची गरज नाही.

प्रशासनाचा बचाव साधारणपणे या दुसऱ्या वाटेने जातो. हे शेवटच्या टप्प्यावरचे रुग्णालय आहे, शेजारच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात, खासगी रुग्णालये पैसे संपल्यावर किंवा आशा संपल्यावर रुग्ण इकडे पाठवतात, असे सांगितले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. पण तो बचाव मान्य केला की पुढचा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. २४ मृत्यूंचा दिवस जर नेहमीच्या सरासरीत बसत असेल, तर संताप त्या एका दिवसाबद्दल का, त्या सरासरीबद्दल का नाही? अशा बातम्यांच्या वेळी चर्चा या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही, कारण कॅमेरे तिसऱ्या दिवशी परत जातात आणि सरासरी तिथेच राहते.

इथे आणखी एक छेद लपलेला असतो, तो म्हणजे मंजूर खाटा. सरकारी रुग्णालयातील पदे, औषधांचा पुरवठा, प्राणवायूपासून धुलाईपर्यंतचा खर्च, हे सारे मंजूर खाटांच्या प्रमाणात ठरते. रुग्ण मात्र मंजुरी पाहून येत नाहीत. पाचशे खाटांच्या रुग्णालयात आठशे रुग्ण असतील, तर तीनशे जणांसाठी सरकारी कागदावर ना परिचारिका असते ना सलाइनची बाटली. त्यांची सोय पाचशे जणांच्या वाट्यातून होते. सरकारी रुग्णालय रुग्णाला परत पाठवत नाही, ही त्याची थोरवी आहे आणि त्याच्या आकड्यांची अडचणही तीच आहे.

एकाच गोष्टीचे दोन खरे आकडे

आरोग्याची आकडेवारी एका ठिकाणाहून येत नाही. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतची प्रत्येक संस्था दरमहा आपले काम केंद्राच्या आरोग्य माहिती पोर्टलवर भरते. ही व्यवस्था २००८ पासून आहे. जन्म आणि मृत्यू यांची नोंद १९६९ च्या कायद्याने सक्तीची आहे आणि ती २१ दिवसांत करायची असते. तिसरी सोय नमुना नोंदणीची. महानिबंधकांचे कार्यालय निवडक गावे आणि वस्त्या घेऊन तिथले जन्ममृत्यू सातत्याने टिपते आणि त्यावरून बालमृत्यू दर, माता मृत्यू प्रमाण काढते. चौथे म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. मुंबईत देवनार येथे असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते करते आणि त्यात घरोघरी जाऊन स्त्रियांना त्यांच्या बाळंतपणांविषयी विचारले जाते.

नमुना नोंदणीप्रमाणे २०२० साली महाराष्ट्राचा अर्भक मृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता, तर देशाचा २८. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा तोच दर सुमारे २३ निघाला. मग खरे काय? दोन्ही पद्धती वेगळ्या आहेत. सर्वेक्षणाचा दर मुलाखतीच्या आधीच्या पाच वर्षांतील जन्मांवर आधारलेला असतो, नमुना नोंदणीचा दर त्या एका वर्षाचा असतो. शिवाय दोन्ही अंदाज नमुन्यावरून काढलेले असल्याने त्यांना थोडी मागेपुढे होण्याची मुभा असते. शासन १६ सांगेल, टीकाकार २३ सांगेल आणि दोघेही अधिकृत कागद दाखवतील. वाचकाने पाहायचे ते इतकेच, की गेल्या खेपेशी तुलना करताना त्याच मोजपट्टीचा जुना आकडा घेतला आहे की दुसऱ्या पट्टीचा. एका पट्टीवरचा जुना आकडा आणि दुसऱ्या पट्टीवरचा नवा आकडा शेजारी ठेवून दाखवलेली प्रगती किंवा अधोगती मुळीच मानू नये.

माता मृत्यूच्या बाबतीत महाराष्ट्राची कामगिरी खरोखर चांगली आहे. २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता मृत्यू, असे राज्याचे प्रमाण होते. देशाचे ९७ होते. ही सरासरी मुंबई, पुणे, कोल्हापूर ही शहरे आणि मेळघाट, धडगाव, भामरागड हे दुर्गम आदिवासी भाग या सर्वांची मिळून आहे. राज्याची सरासरी सुधारते तेव्हा मेळघाटात काय झाले ते तिच्यातून कळत नाही, आणि मेळघाटातील कुपोषणाच्या याचिका तर उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत.

नोंद मुळातच कमी होत असेल, तर अंशालाही भरवसा राहत नाही. २००१ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने राज्यातील अनेक स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागांतले बालमृत्यू प्रत्यक्ष मोजले आणि 'कोवळी पानगळ' या नावाने अहवाल मांडला. सरकारी दप्तरात दिसणाऱ्या मृत्यूंपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी अधिक होते, हे त्यातून पुढे आले. पुढे शासनानेच बालमृत्यू मूल्यांकन समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. बंग यांच्याकडे दिले. मृत्यू कमी का नोंदवले जातात, याचे कारण फारसे गूढ नाही. ज्या उपकेंद्रात बालमृत्यूची नोंद होते, त्या उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला आढावा बैठकीत उभे केले जाते. नोंद न करणाऱ्या उपकेंद्राचे काम कागदावर उत्तम दिसते. मोजणारा आणि ज्याचे मोजायचे तो एकच असला, की असे होणारच.

कोविडच्या काळात हे सर्वांनी पाहिले. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने ताळमेळ घालून १,३२८ जुने मृत्यू एकूण संख्येत मिळवले. त्यांतले ८६२ एकट्या मुंबईचे होते. त्या दिवशी एवढी माणसे मेली नव्हती, त्या दिवशी ती मोजली गेली. आकडा जाहीर होण्याची तारीख आणि घटनेची तारीख एक नसते, ही साधी गोष्ट आलेख पाहताना हमखास विसरली जाते.

उलट्या बाजूचेही उदाहरण आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सारे निःशुल्क झाले. त्यानंतर बाह्यरुग्ण विभागातील गर्दी वाढल्याचे दिसले, तर त्याचा अर्थ आजार वाढले असा घेऊन चालणार नाही आणि सेवा सुधारली असाही लगेच घेता येणार नाही. दाराशी असलेली एक अडचण दूर झाली, एवढे मात्र म्हणता येते.

पदांचे चार रकाने

आता पदांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे आणि सगळ्यात जास्त शिकण्यासारखेही इथेच आहे.

आरोग्य खात्यातील मनुष्यबळाचा कोणताही तक्ता समजून घ्यायचा तर चार रकाने मनात ठेवावे लागतात. पहिला, निकषाप्रमाणे लागणारी पदे. दुसरा, मंजूर पदे. तिसरा, भरलेली पदे. चौथा, आज सकाळी त्या इमारतीत प्रत्यक्ष हजर असलेली माणसे. सरकारी अहवालात पहिले तीन रकाने सापडतात. चौथा सहसा कुठेच छापला जात नाही, आणि रुग्णाला मात्र फक्त चौथ्याशीच कर्तव्य असते.

निकष असे आहेत : सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० ला एक सामुदायिक आरोग्य केंद्र, ज्याला महाराष्ट्रात आपण बहुतेक ठिकाणी ग्रामीण रुग्णालय म्हणतो. आदिवासी आणि डोंगराळ भागात हेच आकडे अनुक्रमे ३,०००, २०,००० आणि ८०,००० होतात. पण लोकसंख्या कोणती धरायची? शेवटची जनगणना २०११ ची आहे. २०२१ ची झालीच नाही आणि पुढची २०२७ मध्ये व्हायची आहे. म्हणजे ज्या तालुक्यात मधल्या काळात औद्योगिक वसाहत आली आणि वस्ती दुप्पट झाली, तिथली गरज ठरवायला आपल्याजवळ एक तर जुना छेद आहे किंवा अंदाजाने फुगवलेला छेद आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातील फरक म्हणजे रिक्त पदे. पहिल्या आणि तिसऱ्यातील फरक म्हणजे तूट. वर्तमानपत्रांत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांच्यातले अंतर फार मोठे असू शकते. केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीच्या २०२१-२२ च्या अंकात देशभरातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची तूट सुमारे ८० टक्के दाखवली होती. त्याच अंकात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांची तूट मात्र अवघी तीन टक्क्यांच्या आसपास होती. हे वाचून वाटेल की प्राथमिक आरोग्य केंद्रांचा प्रश्न जवळपास सुटला. पण गरज मोजताना एका केंद्राला एकच डॉक्टर धरला होता. महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आहे. दोन धरले की तूट एकदम वाढते. डॉक्टर तितकेच असतात, बदलतो तो फक्त छेद.

रिक्त पदांच्या टक्केवारीत तर आणखी खोच आहे. शासनाने वर्षानुवर्षे न भरलेली पदे रद्द केली, तर रिक्त पदांचे प्रमाण एका शासन निर्णयाने खाली येते. उलट एखाद्या ग्रामीण रुग्णालयाचे श्रेणीवर्धन करून त्याला उपजिल्हा रुग्णालय केले आणि नवी पदे मंजूर केली, तर ती भरली जाईपर्यंत रिक्त पदांचे प्रमाण वाढलेले दिसते, जरी शासनाने काम चांगले केले असले तरी. श्रेणीवर्धनाची इमारत उभी राहते, फीत कापली जाते, पण आकृतिबंध वित्त विभागात अडकून राहतो, हा प्रकारही आपल्याकडे नवा नाही. तिथे तर पद मंजूरच नसल्याने कागदावर काहीही रिक्त नसते!

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे आपल्या बोलण्यातले कॅग, यांनी महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य सुविधांवर केलेला अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मांडला गेला. मंजूर पदांच्या तुलनेत डॉक्टरांची कमतरता सुमारे २७ टक्के, परिचारिकांची ३५ टक्के आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांची ३१ टक्के, असे त्यात नोंदवले होते. हे सरळ भाषेत सांगायचे तर तीन पाळ्यांत मिळून जिथे शंभर परिचारिका मंजूर आहेत, तिथे पासष्टच आहेत, आणि रजा, आजारपण, बाळंतपण हे सारे त्या पासष्टांतूनच वजा करायचे आहे. डॉक्टरांच्या कमतरतेची चर्चा नेहमी होते. परिचारिकेची कमतरता मात्र रात्री दोन वाजता, एका कक्षात चाळीस रुग्ण आणि एक परिचारिका असते तेव्हा कळते. माझ्या मते या अहवालातला सर्वांत गंभीर आकडा हा ३५ टक्क्यांचाच आहे.

चौथ्या रकान्याकडे वळू. एखादा वैद्यकीय अधिकारी तालुक्याच्या केंद्रात नेमलेला असतो, त्याचा पगार तिथूनच निघतो, पण तो प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. तक्त्यात ते पद भरलेले आहे. दुसरा अधिकारी पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला आहे. तेही पद भरलेले. तिसऱ्याकडे शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार आहे, त्यामुळे तो आठवड्याचे तीन दिवस इथे आणि तीन दिवस तिथे असतो. चौथा बंधपत्रित डॉक्टर आहे. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने वर्षभर सरकारी सेवा करावी, नाही तर १० लाख रुपये दंड भरावा, असा नियम आहे. ही बंधपत्रित मंडळी येतात तशी वर्ष संपले की जातात. ग्रामीण आरोग्य सांख्यिकीचे आकडे ३१ मार्च या एका दिवसाचे असतात. त्या दिवशी खुर्चीवर कोणी असले की पद भरलेले, मग एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत खुर्ची रिकामी राहिली तरी.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हाच खेळ वेगळ्या रीतीने चालत आला. परवानगी देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची तपासणी जवळ आली की एका महाविद्यालयातील प्राध्यापक तात्पुरत्या बदलीने दुसरीकडे दिसायचे. त्याला आळा घालण्यासाठी आधारशी जोडलेली हजेरी आली. २०२४ मध्ये राज्यात एकाच वर्षी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. त्यांत हिंगोली, वाशिम, गडचिरोली, भंडारा अशी गरजेची ठिकाणे आहेत याचा आनंदच आहे. पण जुन्या महाविद्यालयांतली पदे रिकामी असताना नव्यांना अध्यापक कुठून येणार, हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी विचारायचा असतो, पाच वर्षांनी नव्हे.

कंत्राटी कर्मचारी भरलेल्या पदांत मोजायचे का, यावर तर एकवाक्यताच नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर वर्षानुवर्षे काम करतात. मंत्र्यांच्या उत्तरात ते धरलेले असतात, संघटनेच्या निवेदनात वगळलेले असतात. आणि सुमारे ७० हजार आशा तर कोणत्याच रकान्यात नाहीत, कारण कागदोपत्री त्या कर्मचारी नाहीत, कामावर आधारित मोबदला घेणाऱ्या स्वयंसेविका आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये त्या संपावर गेल्या. गावातील गरोदर मातेची, नवजात बाळाची पहिली नोंद त्यांच्या वहीतच होते, म्हणून त्यांच्या संपात सेवा तर थांबतेच, पण राज्याची आकडेवारीही मुळापाशीच आटते.

पदे का भरली जात नाहीत, याचे 'पैसा नाही' हे एकच उत्तर नाही. बिंदूनामावली (आरक्षणानुसार पदांची क्रमवारी) तपासणे, वित्त विभागाची मान्यता, जाहिरात, परीक्षा, त्यावरचे दावे, या वाटेवर भरती कुठेही अडकते. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड परीक्षांचे पेपर फुटले आणि सारी प्रक्रिया मोडीत निघाली. सुमारे ११ हजार पदांची जाहिरात पुन्हा निघाली ती २०२३ मध्ये. मधल्या दोन वर्षांत किती लोक निवृत्त झाले असतील, याचा अंदाज वाचकाने करावा. पेपरफुटी ही आपण गुन्ह्याची बातमी म्हणून वाचतो. तिचा परिणाम कुठल्या तरी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ नसण्यात होतो.

डॉक्टरांच्या एकूण संख्येबद्दलही एक वाक्य संसदेत वारंवार ऐकू येते : देशात ८११ लोकांमागे एक डॉक्टर आहे, म्हणजे हजाराला एक या मापाहून परिस्थिती बरी आहे. या अंशात नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टरांबरोबर आयुष पद्धतींचे डॉक्टर मिळवलेले असतात आणि नोंद असलेल्यांपैकी ८० टक्के प्रत्यक्ष काम करतात, असे गृहीत धरलेले असते. नोंदवहीतले किती परदेशी गेले, किती थकले, किती हयात नाहीत, हे नोंदवही स्वतःहून सांगत नाही. आणि सरासरी तर पुण्याच्या कर्वे रस्त्याला आणि गडचिरोलीतल्या एटापल्लीला एकच लागू.

पैशाचा हिशेब

अर्थसंकल्पाच्या दिवशी छापून येतो तो आकडा तरतुदीचा असतो. वर्षाच्या मध्यावर पुरवणी मागण्या येतात, वर्षाअखेरीस सुधारित अंदाज येतो आणि प्रत्यक्ष खर्च पक्का कळतो तो आणखी वर्षभराने. तरतूद मोठी दाखवून मधल्या काळात निधी वितरितच न करणे ही जुनी रीत आहे. पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये उपलब्ध झाले, तर त्यातून यंत्रे, खुर्च्या, रंगरंगोटी होऊ शकते, कारण ती पंधरा दिवसांत खरेदी करता येतात. परिचारिकेचा वर्षभराचा पगार पंधरा दिवसांत खर्च करता येत नाही. न वापरलेला निधी समर्पित होतो, म्हणजे शासनाच्या तिजोरीत परत जातो, आणि पुढच्या वर्षी 'गेल्या खेपेचेच खर्च झाले नाहीत' म्हणून तरतूद कापली जाते.

खर्च या शब्दाचीही एक गंमत आहे. केंद्र आणि राज्य ६० : ४० या प्रमाणात राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा उचलतात. राज्याच्या तिजोरीतून तो पैसा राज्य आरोग्य सोसायटीच्या बँक खात्यात गेला, की शासनाच्या हिशेबात तो खर्ची पडला. प्रत्यक्षात तो खात्यातच पडून असू शकतो. म्हणून तिजोरीचा खर्च आणि उपयोगिता प्रमाणपत्रांतला खर्च हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत, असे लेखापरीक्षक सांगतात.

आता छेदाकडे. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने दोन लक्ष्ये ठेवली होती : सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या २.५ टक्के व्हावा, आणि राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाचे प्रमाण २०१३-१४ मध्ये १.१५ टक्के होते, ते २०२१-२२ मध्ये १.८४ टक्के झाले. वाढ खरी आहे, पण २०२१-२२ हे कोविडचे वर्ष होते, हे लक्षात ठेवून ती वाचावी. महाराष्ट्राचा खर्च त्या वर्षी अर्थसंकल्पाच्या पाच टक्क्यांच्या आतच राहिल्याचे कॅगने नोंदवले. देशातील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेले राज्य आठाचे लक्ष्य सोडा, पाचालाही पोहोचले नव्हते. इथे निधीची चणचण हे कारण पटत नाही. हा प्राधान्याचा प्रश्न आहे.

अंश फुगवण्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सापडते. आरोग्य आणि कल्याण यांसाठी २,२३,८४६ कोटी रुपये, म्हणजे १३७ टक्के वाढ, असे जाहीर झाले. त्या रकमेत पिण्याच्या पाण्याचा आणि स्वच्छतेचा खर्च होता, पोषण होते, लसीकरणाचे ३५,००० कोटी होते आणि वित्त आयोगाची अनुदानेही होती. पाणी आणि स्वच्छता यांनी आरोग्य सुधारते, याबद्दल वाद नाही. पण त्या पैशातून ग्रामीण रुग्णालयाला भूलतज्ज्ञ मिळत नाही.

लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चाच्या ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाला, हा आकडाही वारंवार सांगितला जातो. ज्या कुटुंबांनी २०२१ च्या उन्हाळ्यात दागिने मोडून इंजेक्शने आणली, त्यांना तो वाचून आश्चर्य वाटेल. कारण असे की या अंदाजाचा मुख्य आधार २०१७-१८ मध्ये झालेले राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण आहे आणि पुढच्या वर्षांसाठी तेच आकडे पुढे ओढले आहेत. कोविडच्या लाटेत लोकांनी काय भोगले, ते २०१७-१८ च्या प्रश्नावलीत असणे शक्य नव्हते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे या हिशेबात आणखी एक पदर आला आहे. २०१२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेली ही योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले आहे. गरजू रुग्णासाठी ती मोलाची आहे. पण योजनेचा वाढता खर्च 'आरोग्यावरील खर्च' म्हणून मोजला जातो, तेव्हा त्यातला किती खासगी रुग्णालयांची बिले भागवायला गेला आणि किती सरकारी रुग्णालयांत टिकून राहिला, ही फोड मागायला हवी.

तपासणी कोण करते?

आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे, पण राज्यातही त्याला एक धनी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि शहरातले रुग्णालय महापालिकेकडे. कळवा आणि नांदेड ही दोन रुग्णालये एकाच बातमीत येत असली, तरी त्यांची खाती वेगळी, तिजोऱ्या वेगळ्या, उत्तर देणारे अधिकारी वेगळे. औषधखरेदीची जबाबदारी तर २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली आणि २०२३ च्या कायद्याने त्यासाठी वेगळे प्राधिकरण उभे राहिले. औषध नाही म्हणून विचारायला गेले, तर प्रत्येक टेबलावर पुढच्या टेबलाचे नाव मिळते.

कॅगचा अहवाल राज्यघटनेच्या १५१ व्या अनुच्छेदानुसार राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतो आणि तिथून लोकलेखा समितीकडे जातो. समिती सचिवांना बोलावते, साक्ष घेते, शिफारशी करते. ही व्यवस्था भक्कम आहे, पण संथ आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या अहवालातले आकडे मुख्यतः २०२१-२२ पर्यंतचे होते. ज्या अधिकाऱ्याच्या काळात पदे रिकामी राहिली, त्याची बदली होऊन दोन नवे अधिकारी येऊन गेलेले असतात, आणि नवा अधिकारी विनयाने सांगतो की आता परिस्थिती सुधारली आहे. सुधारली असेलही, ते पुढच्या अहवालात कळते.

तोवर एखाद्याला आपल्या तालुक्यातल्या रुग्णालयाबद्दल माहितीचा अधिकार वापरून विचारायचे असेल, तर 'किती पदे रिक्त आहेत' एवढाच प्रश्न लिहू नये, कारण त्याला एका आकड्याचे उत्तर येते. संवर्गनिहाय, म्हणजे पदाच्या प्रकारानुसार, तक्ता मागावा आणि त्यात मंजूर, नियमित भरलेली, कंत्राटी किंवा बंधपत्रित, प्रतिनियुक्तीवर बाहेर गेलेली आणि दीर्घ रजेवर असलेली, असे पाच रकाने स्वतःच आखून द्यावेत. सोबत मंजूर खाटांची संख्या आणि मागील बारा महिन्यांतील रोजच्या दाखल रुग्णांची सरासरीही मागावी. पहिल्या अर्जाला बहुधा अर्धेच उत्तर येते. पहिल्या अपिलात उरलेले रकाने भरून मिळतात.